लोकायुक्तांचा तपासनीस कोणाचा नोकर असणार?

प्रति,
वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, खडकवासला, पर्वती, हडपसर, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ या आठ मतदारसंघांचे सन्माननीय आमदार यांस

विषय : लोकायुक्त कार्यालयाचा आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), निधी आणि खटल्याची मंजुरी

सन्माननीय सदस्यहो,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी आपल्यापैकी एकाचा मतदार आहे. कोणाचा ते मुद्दामच लिहीत नाही. लिहिले तर बाकीचे सात जण ‘आमच्या मतदारसंघातला विषय नाही’ म्हणून मोकळे होतील. माझी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली. नगरपालिका, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या यांचे हिशेब तपासायचे, आक्षेप काढायचे आणि त्यावर येणारी उत्तरे वाचायची, हे आमचे काम. भ्रष्टाचाराबद्दलची चीड व्यक्त करायला हे पत्र नाही. ती पुण्यात कुठल्याही अमृततुल्यात चहाबरोबर फुकट मिळते. मला विचारायचे आहे ते अगदीच कोरड्या गोष्टीबद्दल. मंत्री-अधिकाऱ्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणारी लोकायुक्त नावाची संस्था खरोखर स्वतंत्र करायची तर तिच्यातल्या माणसांचा पगार कोण काढणार, त्यांची बदली कोण करणार आणि त्यांचा गोपनीय अहवाल, म्हणजे कामगिरीवरचा वार्षिक शेरा, कोण लिहिणार?

आपल्या राज्याला या विषयात अभिमान मिरवायला जागा आहे. लोकायुक्तांचा कायदा आपण १९७१ मध्ये केला आणि १९७२ च्या ऑक्टोबरात कार्यालय सुरू केले. देशात प्रत्यक्ष काम सुरू करणारे ते पहिले. त्याच्या कितीतरी आधी, १९५९ मध्ये, माजी केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मंत्र्यांवरच्या आरोपांसाठी कायमचे न्यायाधिकरण असावे अशी जाहीर मागणी केली होती, आणि पंडित नेहरूंनी ती मानली नव्हती. पण १९७१ च्या कायद्यात लोकायुक्तांच्या हाती दिली ती शिफारस. चौकशी करा, मत बनवा, सक्षम प्राधिकाऱ्याला कळवा. त्याने ऐकले नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल पाठवा. तो खुलाशासह सभागृहापुढे ठेवला जाईल. मुख्यमंत्री या सगळ्याच्या बाहेर.

नव्या कायद्याचा प्रवास आपल्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये, आणि केंद्राने सुचवलेल्या दुरुस्त्यांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये नागपुरात विषय पुन्हा सभागृहात आला. मुख्यमंत्री कक्षेत आले, ही बातमी झाली. मात्र त्यांच्याविरुद्ध चौकशी सुरू करायची तर विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची मान्यता लागेल, ही ओळ बहुतेक ठिकाणी बातमीच्या शेवटी गेली. दोनशे अठ्ठ्याऐंशीचे दोन तृतीयांश म्हणजे १९२. जो नेता बहुमताच्या जोरावर त्या खुर्चीत बसला आहे, त्याच्याविरुद्ध १९२ हात वर होणार असतील तर चौकशीची गरजच उरणार नाही. त्याआधी अविश्वास ठराव येईल. पण या कलमावर पुष्कळ बोलून झाले आहे. मला त्याहून खालच्या पायरीवरचे बोलायचे आहे.

आमच्या खात्यात दौऱ्याचे पथक एखाद्या नगरपालिकेत जायचे तेव्हा बसायला खोली त्याच नगरपालिकेची. टेबल, पंखा, चहा आणणारा शिपाई, सगळे त्यांचेच. एका पालिकेत (नाव नको, ती एकटी नव्हती) डांबरी रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका माझ्यासमोर आली. थराची जाडी जागोजागी एकसारखी, ५० मिलिमीटर. कुठे ४८ नाही, कुठे ५३ नाही. ज्याने रस्ता होताना पाहिला आहे त्याला कळते की डांबर इतके शिस्तीत बसत नाही. आम्ही जागेवर जाऊन बघायचे ठरवले. जायला गाडी पालिकेची, सोबत त्याच कामाचा उपअभियंता, आणि नमुना काढायला माणूस ठेकेदाराचा. रस्त्याच्या कुठल्या भागात भोक पाडायचे हेही जवळजवळ त्यांनीच ठरवून ठेवलेले. माझ्या सहकाऱ्याने हट्ट धरून पन्नास पावले पुढे काढायला लावले, तेव्हा जाडी भरली तिशीच्या आसपास. आक्षेप लिहिला, वसूलपात्र रक्कम काढली. उत्तर आले ते प्रत्येक लेखापरीक्षकाला तोंडपाठ असलेले : ‘अनुपालन स्वतंत्रपणे सादर करण्यात येत आहे.’ ते स्वतंत्र अनुपालन, म्हणजे आक्षेपाची पूर्तता, काही आले नाही. पुढच्या वर्षी माझ्या सहकाऱ्याची बदली मात्र आली, पार दुसऱ्या विभागात. नियमित बदली होती. कागदावर सगळ्याच बदल्या नियमित असतात.

त्याला कोणी धमकावले नाही, कोणी पैसे देऊ केले नाहीत. त्याच्यानंतर आलेल्या माणसाने नमुना उपअभियंत्याने दाखवलेल्या जागीच काढला, एवढेच. वर बसलेले संचालक कितीही सचोटीचे असोत, खाली पुस्तिका उघडणाऱ्या माणसाची मुले कुठल्या शाळेत आहेत आणि जून महिन्यात कोण त्याला कुठे पाठवू शकतो, यावर आक्षेप टिकणार की मरणार ते ठरते. म्हणून लोकायुक्तपदी निवृत्त न्यायमूर्ती कोण येणार या चर्चेत मला फारसा रस नाही. ते चांगलेच असतील असे मी धरून चालतो. त्यांच्यासाठी जबाब नोंदवायला, बँकेची खाती उलगडायला, सातबारा आणि खरेदीखते जुळवायला जी माणसे येणार, ती कुठून येणार?

आज आपल्याकडे लाच पकडण्याचे काम लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो, १०६४ वर फोन घेतो. सापळा नीट लावला तर ते काम चोख होते. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड, दोन पंच, इशारा, मग सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेली बोटे गुलाबी. पण गुलाबी होतात ती बहुधा तलाठ्याची, हवालदाराची, कनिष्ठ अभियंत्याची बोटे. ज्याच्या सहीने आरक्षण उठते किंवा निविदेतली अट बदलते, तो नोटांना हात लावत नाही. त्याच्यापर्यंत जायला कागदाचा माग काढत वर्ष-दीड वर्ष बसणारी माणसे लागतात, आणि हा विभाग आहे गृह विभागाच्या अखत्यारीत. तिथले अधिकारी पोलीस दलातून येतात आणि पोलीस दलात परततात. आज ज्याची चौकशी करायची, तो तीन वर्षांनी आपला वरिष्ठ किंवा वरिष्ठाचा मंत्री असू शकतो, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंढव्यातल्या जमिनीच्या व्यवहारावरून गदारोळ झाला, तेव्हाही पहिली मोठी चौकशी गेली ती शासनानेच नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या समितीकडे. समितीतल्या कोणाच्या हेतूवर मला बोट ठेवायचे नाही. अहवालात काही निघो वा न निघो, लोकांचा त्यावर विश्वास बसणे अवघड, आणि ज्याच्यावर आरोप आहे तो निर्दोष असेल तर त्याच्यावरही हा अन्यायच.

‘लोकशाहीत असे काही जमतच नाही’ असे आपल्यापैकी काहींना प्रामाणिकपणे वाटते, हे मी ऐकले आहे. उदाहरण नेहमी हाँगकाँगचे दिले जाते. तिथे पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना जून १९७३ मध्ये पोलिसांच्याच पासवर विमानतळातून निसटून इंग्लंडला गेला. लोक रस्त्यावर आले, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये पोलिसांपासून पूर्ण वेगळा, थेट गव्हर्नरला जबाबदार असा आयोग उभा राहिला. आयोगाने गॉडबरला परत आणून तुरुंगात घातले. पण हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती आणि गव्हर्नरला मते मागायची नव्हती. तरीही १९७७ मध्ये चिडलेले पोलीस आयोगाच्या कार्यालयात घुसले, तेव्हा त्यालाही जुन्या प्रकरणांना बऱ्याच अंशी माफी द्यावी लागली. म्हणून ते उदाहरण मी बाजूला ठेवतो.

निवडणुका होणाऱ्या देशातले बघू. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात निक ग्रायनर हे भ्रष्टाचारविरोधाचे आश्वासन देऊन १९८८ मध्ये सत्तेवर आले आणि त्यांनी आयोगाचा कायदा केला. १९९२ मध्ये त्याच आयोगाच्या निष्कर्षांमुळे त्यांना स्वतःला प्रीमियरपदावरून, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारख्या पदावरून, जावे लागले. पुढे न्यायालयाने म्हटले की त्या प्रकरणात आयोगाने आपली कायदेशीर मर्यादा ओलांडली होती. दोन्ही गोष्टी झाल्या, आणि आयोग टिकला. २०१४ मध्ये त्याच पदावरच्या बॅरी ओफॅरेल यांनी आयोगापुढे, वाइनची महागडी बाटली भेट मिळाल्याचे आठवत नाही, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातली आभाराची चिठ्ठी पुढे आली आणि त्यांनी राजीनामा दिला. एका बाटलीपायी! आपल्याकडे कोणाला खरे वाटणार नाही. तिथल्या आयोगावर संसदेच्या दोन्ही सभागृहांची समिती देखरेख ठेवते, आणि आयोगाच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर ती ऐकायला वेगळा निरीक्षक असतो. म्हणजे आयोग कोणालाच उत्तर देत नाही असे नाही. तो मंत्रिमंडळाला उत्तर देत नाही, सभागृहाला देतो.

इतके लांब जायचे नसेल तर निपाणीपलीकडे बघा. कर्नाटकच्या लोकायुक्तांकडे स्वतःची पोलीस शाखा होती. न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी बेळ्ळारीच्या बेकायदा खाणकामावर जुलै २०११ मध्ये जो अहवाल दिला, तो उभा राहिला तो खनिजाच्या परवान्यांचा, वजनकाट्यांचा आणि बँकेच्या व्यवहारांचा माग काढणाऱ्या तपास पथकामुळे. मुख्यमंत्री येडियुरप्पांना त्या महिन्याच्या अखेरीस पद सोडावे लागले. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले हेही सांगितले पाहिजे. चौकशी करणारा आणि निवाडा करणारा वेगळा असावा तो याचसाठी. पण त्याच २०१६ च्या मार्चमध्ये, दुसऱ्या पक्षाच्या सरकारने, लोकायुक्तांच्या पोलिसांकडचे भ्रष्टाचाराचे गुन्हे काढून सरकारच्या हाताखालच्या नव्या विभागाकडे दिले. लोकायुक्तांचे पद तसेच, इमारत तीच, पाटी तीच. गेली ती फक्त तपास करणारी माणसे, आणि संस्था लुळी पडली. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो नवा विभाग रद्द करून अधिकार परत दिले तेव्हा सहा वर्षे उलटली होती.

इंडोनेशियात तर याहून सफाईने झाले. तिथल्या आयोगाने कितीतरी मंत्री, राज्यपाल, खासदार तुरुंगात घातले. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आयोगाचे कर्मचारी सरकारी नोकर करण्यात आले, आणि २०२१ मध्ये एका चाचणीत नापास ठरवून पन्नासहून अधिक जणांना घरी पाठवले गेले. त्यांत काही अतिशय नावाजलेले तपासनीस होते. आयोग आजही आहे.

तेव्हा माझे मागणे सोपे आहे. लोकायुक्तांना स्वतःच्या आस्थापनेवरची तपास शाखा द्या आणि तिचा आकृतिबंध नियमांतच नमूद करा. प्रतिनियुक्तीवर, म्हणजे दुसऱ्या खात्यातून ठरावीक काळापुरती, माणसे घ्यावीच लागतील, सुरुवातीला दुसरा इलाज नाही. पण ती किमान पाच वर्षांसाठी यावीत, मूळ खात्याने मध्येच परत बोलावता कामा नये, आणि त्या काळातला गोपनीय अहवाल लोकायुक्तांनीच लिहावा. केवळ कायद्यात पदांची नावे लिहून भागत नाही, हे दिल्लीने दाखवले आहे. केंद्राच्या पातळीवरचा असाच लोकपाल कायदा जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला, पहिले लोकपाल मार्च २०१९ मध्ये आले, आणि कायद्यातली अभियोग (खटले चालवणारी) शाखा प्रत्यक्षात उभी राहायला २०२५ साल उजाडले. त्याच वर्षी लोकपाल कार्यालयाने सात बीएमडब्ल्यू गाड्यांसाठी निविदा काढली, त्याची चर्चा शाखेपेक्षा जास्त झाली. माणसे आधी आली असती तर गाड्यांबद्दल कोणी इतके बोललेही नसते.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण उपाय आपल्या अर्थसंकल्पातच आहे. ज्या रकमेवर सभागृहात मतदान होते ती दत्तमत, ज्यावर होत नाही ती भारित. घटनेच्या कलम १४८ प्रमाणे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाचा सगळा प्रशासकीय खर्च भारित आहे. पगारांसकट सगळा. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीत या पदाला सर्वांत महत्त्वाचे पद म्हणाले होते, आणि पैशाची ही तजवीज त्याला साजेशी आहे. लोकायुक्तांच्या कार्यालयाचा खर्चही तपास शाखेसह पूर्ण भारित करा. नाहीतर एखाद्या नावडत्या चौकशीच्या वर्षी वित्त विभाग ‘काटकसरीच्या धोरणानुसार’ वाहनांच्या इंधनाला कात्री लावेल, आणि तपासनीस पुन्हा उपअभियंत्याच्या गाडीत बसेल.

खटल्याच्या मंजुरीचे तसे नाही. तिथे खरा पेच आहे. सरकारी पदावरच्या माणसावर भ्रष्टाचाराचा खटला भरण्याआधी वरच्या प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, ती ही मंजुरी. मंजुरीची अट अजिबात नको म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. फायलीवर प्रामाणिकपणे सही करणाऱ्या माणसाला उद्या कोणीही उठून कोर्टात खेचील ही भीती खरी असते. ती भीती वाढली की फायलीवर निर्णयाऐवजी ‘कृपया चर्चा करावी’ एवढाच शेरा येतो. तसे शेरे मी ढिगाने वाचले आहेत. पण मंजुरी द्यायची कोणी? आदर्श सोसायटीच्या प्रकरणात एका माजी मुख्यमंत्र्यांवर खटला भरायला राज्यपालांनी डिसेंबर २०१३ मध्ये नकार दिला. मधे सरकार बदलले, राज्यपाल बदलले, फेब्रुवारी २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कोण दोषी होते आणि कोण नव्हते हा माझा विषय नाही. एकाच प्रकरणात उत्तर कॅलेंडर बघून बदलते असे लोकांना वाटले, तर मंजुरीला अर्थ काय राहिला? ती लोकायुक्तांच्या पूर्ण पीठाने द्यावी किंवा नाकारावी, तीन महिन्यांच्या आत, कारणे लिहून. आणि नकार असेल तर तोही तक्रारदाराला मिळावा.

आता नेमणुकीबद्दल एकच गोष्ट. निवड समितीत मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, दोन्ही सभागृहांचे पीठासीन अधिकारी, उच्च न्यायालयाचे प्रतिनिधी आणि दोन्हीकडचे विरोधी पक्षनेते अशी रचना आहे. २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत कुठल्याही विरोधी पक्षाकडे एक दशांश जागा आल्या नाहीत आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. म्हणजे सोयरीक ठरवायला बसायचे आणि मुलीकडचे कोणी बोलवायचेच नाहीत, असा प्रकार. २०१४ नंतर लोकसभेत हेच झाले, आणि लोकपाल रखडायला तेच कारण पुढे केले गेले. शेवटी एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की या कारणासाठी थांबू नका. आपण एवढेच करा : विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा गटनेता समितीत बसेल, पूर्ण मताधिकारासह. ‘विशेष निमंत्रित’ म्हणून कोपऱ्यात नव्हे. आज सत्तेत असलेल्यांना हे टोचेल. उद्या तेच बाहेर बसतील तेव्हा हेच कलम त्यांच्या उपयोगी पडेल.

आणि हा राखणदारच बिघडला तर? कर्नाटकात तेही झाले. २०१५ मध्ये लोकायुक्तांचा मुलगाच खंडणीच्या प्रकरणात अटक झाला आणि लोकायुक्तांना राजीनामा द्यावा लागला. त्यासाठी सभागृहाची संयुक्त समिती हवी, लोकलेखा समितीसारखी, संकेताने विरोधी बाकावरच्या सदस्याच्या अध्यक्षतेखाली. किती तक्रारी आल्या, किती दिवस पडून आहेत, किती नाकारल्या, हे ती विचारील. चालू तपासाची फाइल मात्र तिला दिसता कामा नये. या भेदावर आपल्यापैकी अनुभवी सदस्यांनी बसून नीट भाषा लिहिली पाहिजे. ते मला जमणारे काम नाही.

पुणेकरांना उघड कारभाराची सवय नाही असे कोणी म्हणू नये. सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात अर्ज न करता कुठलीही फाइल पाहायला मिळण्याची सोय आपल्या महापालिकेने सुरू केली, आणि पुढे ती राज्यभर घेतली गेली. पण ती परिपत्रकावर उभी आहे. आयुक्तांना उत्साह असला की फायली टेबलावर येतात, नसला की ‘संबंधित कर्मचारी रजेवर आहे’. तळेगाव दाभाड्यात जमिनींचे व्यवहार उकरून काढणाऱ्या सतीश शेट्टींचा १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी भररस्त्यात खून झाला. फाइल पाहण्याचा हक्क त्यांच्याकडे होता. त्यातून निघालेली माहिती घेऊन पुढचे काम करायला बांधील असलेली, त्यांच्या आणि बिल्डरांच्या मध्ये उभी राहणारी संस्था नव्हती.

आपण आठ जण एका पक्षाचे नाही. म्हणून भाषणे नकोत, एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागणारा प्रश्न हवा, येत्या अधिवेशनात, शक्य तर आठ सह्यांचा. लोकायुक्त कार्यालयासाठी मंजूर आकृतिबंध किती पदांचा आहे. त्यांपैकी तपासासाठी किती. आज किती भरलेली आहेत. प्रतिनियुक्तीवरच्या अधिकाऱ्यांचा गोपनीय अहवाल कोण लिहितो आणि त्यांना परत बोलावण्याचा अधिकार कोणाकडे आहे. कार्यालयाच्या खर्चापैकी भारित किती आणि दत्तमत किती. उत्तर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे आले तर पुरवणी प्रश्न कोणते विचारायचे, तेही मी लिहून ठेवले आहे. आपल्या संपर्क कार्यालयातून निरोप आला की कागद घेऊन येतो.

कळावे,
आपला मतदार,
एक निवृत्त लेखापरीक्षक, पुणे